लहान नौकेवरील इंधन-प्रवाहमापक

तमिळनाडूतील कुंभकोणमच्या पूर्वेस काही किलोमीटरांवर आडुतुरै हे गाव आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील हा सखल व सुपीक भाग भातशेतीसाठी प्रसिद्ध आहे. १९२२ साली येथे स्थापन झालेले भात संशोधन केंद्र आज तमिळनाडू भात संशोधन संस्था या नावाने ओळखले जाते. गावाच्या नावातील 'तुरै' या तमिळ शब्दाचा अर्थ नदीचा घाट असा आहे. तथापि येथील पाणी मुख्यतः शेतीचे आहे, नौकानयनाचे नव्हे. १९३४ मध्ये पुऱ्या झालेल्या मेट्टूर धरणाचे पाणी प्रथेप्रमाणे १२ जूनला कावेरीत सोडले जाते. ते उशिरा आले किंवा अपुरे पडले, तर कुरुवै हंगामातील रोपे जगविण्यासाठी उथळ विंधनविहिरींवरील पंपांचा आश्रय घ्यावा लागतो. वीज असेल तेथे पंप विजेवर चालतो. ती नसेल तेव्हा डिझेल इंजिन लावले जाते.

आडुतुरैहून पूर्वेस सुमारे चाळीस किलोमीटरांवर समुद्र लागतो आणि तरंगंबाडीचा किनारा येतो. या किनाऱ्यावरून मासेमारीस जाणाऱ्या फायबरच्या लहान नौकांना तमिळ भाषेत 'वल्लम' म्हणतात. अशा नौकेवरही पंपाच्या इंजिनाशी जवळचे नाते असणारे एका सिलिंडरचे डिझेल इंजिन आढळते. त्याला लांब दांडा जोडून दांड्याच्या टोकाचा पंखा पाण्यात फिरविला जातो. काही नौकांना पिछाडीस अडकविण्याचे पेट्रोल किंवा केरोसीनवर चालणारे इंजिन असते. अशी दोन्ही प्रकारची इंजिने कोकणपट्टीवरील तांडेलांनाही परिचित आहेत. शेतावरील इंजिन आणि नौकेवरील इंजिन यांत यांत्रिक साम्य पुष्कळ असले, तरी इंधन मोजण्याच्या बाबतीत त्यांच्यात एक मूलभूत फरक आहे. प्रस्तुत प्रकरणाचा विषय समजण्यासाठी प्रथम हा फरक लक्षात घेतला पाहिजे.

पंप आणि नौका

पंपाचे इंजिन साधारणपणे एकाच गतीने व एकाच भाराखाली चालते. विहिरीतील पाण्याची पातळी आणि पाणी उपसण्याची उंची एका दिवसात फारशी बदलत नाही. म्हणून शेतकऱ्याला इंधनखर्च जाणून घ्यावयाचा असेल, तर एक मोजपात्र आणि एक घड्याळ एवढी सामग्री पुरेशी होते. पाच अश्वशक्तीचे सुस्थितीतील डिझेल इंजिन पूर्ण भारावर तासाला सुमारे १.१ लिटर इंधन घेते. हा एक आकडा हाती आला की रात्रभर पंप चालविण्यास किती डिझेल लागेल, याचा हिशेब कागदावर मांडता येतो.

नौकेची गोष्ट वेगळी आहे. तिचा वेग, तिच्यातील जाळी, बर्फ व मासळी यांचे ओझे, वाऱ्याची दिशा, लाटांचा जोर, तळाला चिकटलेले शेवाळ व शिंपले या सर्वांनुसार इंजिनावरील भार क्षणोक्षणी बदलतो. दिवसाच्या शेवटी टाकी किती रिकामी झाली एवढेच तांडेलाला कळते. इंधन कोठे व कोणत्या वेगाने खर्च झाले, हे कळत नाही. प्रवाहमापकाचे कार्य नेमके हेच आहे: एकूण खर्चाचे तो तासातासाच्या व मैलामैलाच्या खर्चात विभाजन करून दाखवितो.

या प्रश्नाचे महत्त्व १९७३ नंतर सर्वत्र जाणवू लागले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून अवघ्या काही महिन्यांत कच्च्या तेलाची आंतरराष्ट्रीय किंमत जवळजवळ चौपट झाली. लहान मच्छीमारांना यांत्रिक नौका देण्याच्या योजना भारतात त्यापूर्वीच रुजल्या होत्या; केरळमधील भारत-नॉर्वे प्रकल्पाचा करार १९५२ मधील होता. स्वस्त तेलाच्या काळात स्वीकारलेले इंजिन महाग तेलाच्या काळातही चालविणे भाग होते. मद्रास येथे मुख्यालय असलेल्या, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या बंगाल उपसागर कार्यक्रमाने १९८६ मध्ये लहान मासेमारी नौकांचा इंधनखर्च कमी करण्याविषयी ओ. गुलब्रान्डसेन यांची एक पुस्तिका प्रसिद्ध केली, ती याच चिंतेतून.

मापकाची रचना

लहान नौकांसाठी मुख्यतः दोन प्रकारचे मापक वापरले जातात. पहिल्या प्रकारात इंधनाच्या मार्गात एक हलके चाक बसविलेले असते. इंधन वाहू लागले की पाणचक्कीप्रमाणे ते फिरते. चाकातील लहान चुंबक बाहेरच्या संवेदकाजवळून जाताना प्रत्येक वेळी एक विद्युत्-स्पंद निर्माण होतो. एका लिटरमागे किती स्पंद पडतात हे निर्मात्याने ठरवून दिलेले असते. त्यावरून दर्शक तासाला किती लिटर इंधन जाते ते दाखवितो.

दुसऱ्या प्रकारात एकमेकांत गुंतलेली दोन लंबवर्तुळाकार दंतचक्रे असतात. प्रत्येक फेऱ्यात ती इंधनाचे ठराविक माप पुढे ढकलतात. शेर-मापट्याने धान्य मोजावे, तशीच ही रीत आहे. प्रवाह मंद असतानाही हा मापक बराच अचूक राहतो. परंतु त्याची एक जोखीम आहे. दंतचक्रांत कचरा अडकून ती थांबली, तर इंधनाचा मार्गच बंद होऊ शकतो. पहिल्या प्रकारातील चाक अडकले, तरी बहुधा त्याच्या कडेने इंधन वाहत राहते.

मापक निवडताना नेहमी होणारी चूक म्हणजे तो आवश्यकतेपेक्षा मोठा घेणे. दहा अश्वशक्तीचे डिझेल इंजिन पूर्ण भारावर तासाला सुमारे २.२ लिटर इंधन घेते आणि मंद गतीवर त्याच्या एका लहान अंशाएवढेच. तासाला दहा ते शंभर लिटर मोजण्यासाठी बनविलेल्या मापकातील चाक एवढ्या क्षीण प्रवाहाने फिरणारच नाही, किंवा थांबत थांबत फिरेल. म्हणून निर्मात्याने दिलेली प्रवाहाची कनिष्ठ मर्यादा आधी पाहावी, वरिष्ठ मर्यादा नंतर.

पेट्रोलच्या नौकेवर मापक बसविणे

पिछाडीस अडकविण्याच्या पेट्रोल इंजिनावर मापक बसविणे तुलनेने सोपे असते. टाकीतून निघालेले पेट्रोल बहुतेक अशा इंजिनांत पूर्णपणे जळते व टाकीकडे परत येत नाही. त्यामुळे एकच मापक पुरेसा होतो.

कामास आरंभ करण्यापूर्वी इंजिन बंद व थंड असावे, बॅटरीची जोडणी काढलेली असावी आणि टाकीची तोटी बंद करावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती उडून न जाता नौकेच्या तळाशी साचून राहते. तेव्हा काम उघड्यावर करावे आणि विडी, कंदील किंवा ठिणगी पाडणारे कोणतेही उपकरण जवळ येऊ देऊ नये.

मापकाची जागा गाळणीनंतर व इंजिनापूर्वी असते. टाकी, रबरी फुग्याचा हातपंप, पाणी वेगळे करणारी गाळणी, मापक आणि शेवटी इंजिन असा क्रम सोयीचा ठरतो. गाळणी आधी असणे अनिवार्य आहे, कारण टाकीतील गंज, वाळू व पाण्याचे थेंब हे मापकाचे मुख्य शत्रू आहेत. मापकावर बाणाने प्रवाहाची दिशा दाखविलेली असते. ती उलटी होता कामा नये. मापक उभा बसवावा की आडवा, हे निर्मात्याच्या सूचनेनुसार ठरवावे. इंजिनाची उष्णता, ठिणगीच्या तारा आणि अतिकंप यांपासून तो दूर असावा. ज्या इंजिनात इंधन दाबाखाली फवारले जाते, तेथे मापक इंजिनाच्या दाबपंपापूर्वीच्या भागातच बसवावा. दाबाच्या बाजूस कदापि बसवू नये.

नळी पेट्रोलसाठी बनविलेली व नौकेवर वापरण्यास योग्य असावी आणि तिचा अंतर्व्यास मूळ नळीपेक्षा कमी नसावा. प्रत्येक जोडावर गंजरोधक पोलादाचा क्लॅम्प घट्ट आवळावा. आट्यांच्या जोडावर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळण्याची सवय अनेक कारागिरांना असते. परंतु तिचा सुटलेला तुकडा चाकात अडकू शकतो. म्हणून इंधनाला टिकणारे द्रवरूप लेपन वापरणे अधिक चांगले. दर्शकाच्या विजेच्या तारेवर स्वतंत्र लहान फ्यूज घालावा आणि तारांचे सांधे खाऱ्या पाण्यापासून पूर्णतः बंद करावेत.

जोडणी पुरी झाल्यावर हातपंप दाबून नळीत इंधन भरावे, प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून काही वेळाने पुन्हा तपासावा. कागदावर ओल उमटली तर जोड गळतो आहे असे समजावे. ही तपासणी झाल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. त्यानंतर किनाऱ्याजवळ इंजिन पूर्ण गतीने काही मिनिटे चालवून पाहावे. पूर्ण गतीवर ते अडखळू लागले, तर नव्या जोडणीमुळे इंधनाचा मार्ग अरुंद झाला आहे किंवा कोठून तरी हवा शिरत आहे, असा त्याचा अर्थ होतो.

डिझेल इंजिनाची अडचण

डिझेल इंजिनावर हीच पद्धत जशीच्या तशी वापरली, तर फसगत होण्याचा संभव असतो. अनेक डिझेल इंजिनांत पंप आवश्यकतेपेक्षा बरेच अधिक इंधन खेचतो आणि न जळलेले इंधन परतीच्या नळीने टाकीत जाते. टाकीच्या तोंडाशी बसविलेला एकटा मापक अशा वेळी इंधनाचा खर्च मोजत नाही. तो केवळ फेरा मोजतो.

यावर एक उपाय म्हणजे जाण्याच्या आणि येण्याच्या मार्गांवर दोन मापक बसवून त्यांतील फरक घेणे. हा उपाय तर्कशुद्ध असला तरी त्यात चुकीची वाढ होते. समजा, तासाला ३० लिटर जातात व २६ लिटर परत येतात. खर्च ४ लिटर झाला. दोन्ही मापकांत केवळ एक टक्क्याची चूक असली आणि ती विरुद्ध दिशांनी पडली, तर ०.३० व ०.२६ मिळून ०.५६ लिटरची चूक होते. चार लिटरच्या खर्चात ही चूक १४ टक्के भरते. शिवाय परतीचे इंधन गरम व फेसाळ असते. त्यातील हवेचे बुडबुडेही मापक इंधन म्हणूनच मोजतो.

दुसरा उपाय असा की, परतीची नळी टाकीत न नेता मापकाच्या पुढे, हवा वेगळी करणाऱ्या एका लहान पात्रात सोडावी. मग टाकीतून तेवढेच इंधन मापकातून येते, जेवढे प्रत्यक्ष जळते. मात्र तेच इंधन फिरत राहिल्यामुळे ते तापते. म्हणून इंजिनाच्या निर्मात्याने मान्यता दिली असेल तरच ही रचना करावी.

वल्लमवरील एका सिलिंडरच्या इंजिनाच्या बाबतीत परिस्थिती काहीशी अनुकूल असते. तेथे टाकी इंजिनाच्या वर असून इंधन स्वतःच्या वजनाने खाली उतरते, आणि इंजेक्टरमधून गळणारे थोडेसे इंधनच परत जाते. ते वेगळ्या बाटलीत धरून वजा करता येते. परंतु टाकी व इंजिन यांतील उंची जेमतेम हातभर असल्याने तेवढ्या अल्प दाबावरही इंधन अडणार नाही असाच मापक निवडावा लागतो. दंतचक्रांचा मापक असेल, तर त्याला बगल देणारी एक नळी व बंद तोटी जोडणे हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. कोरोमंडलच्या किनाऱ्यावर नौकेला परतताना फुटणाऱ्या लाटांच्या पट्ट्यातून यावे लागते. तेथे इंजिन बंद पडले तर नौका लाटेला आडवी होऊन उलटू शकते. मापक अडकताच एका हाताने तोटी उघडून इंजिन चालू ठेवता आले पाहिजे. खर्च मोजण्यासाठी बसविलेल्या साधनाने इंजिनाचा श्वास कोंडता कामा नये.

ज्याला विकतचा मापक परवडत नाही, त्याला पंपाच्या इंजिनासाठी वापरली जाणारी जुनी रीत येथेही उपयोगी पडते. शंभर मिलिलिटरच्या खुणा असलेली नळी टाकीशेजारी उभी करून त्रिमार्गी तोटीने जोडावी. एकच वेग कायम ठेवून तोटी नळीकडे वळवावी आणि दोन खुणांमधील इंधन संपण्यास लागणारा वेळ मोजावा. शंभर मिलिलिटर इंधन १४४ सेकंदांत संपले, तर खर्च तासाला २.५ लिटर झाला. मोजणी होताच तोटी टाकीकडे वळविण्यास विसरू नये. काचेची नळी केवळ शांत समुद्रात व डिझेलपुरतीच वापरावी. पेट्रोलच्या बाबतीत हा प्रयोग धोकादायक आहे.

मापकाची पडताळणी

नवा मापक दाखवितो ते खरेच असेल असे गृहीत धरू नये. प्रथम नौका सपाट पाण्यात असताना टाकी एका निश्चित खुणेपर्यंत भरावी व दर्शक शून्यावर आणावा. काही फेऱ्या झाल्यावर नौका तशाच स्थितीत आणून टाकी पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरावी आणि भरलेले इंधन मापाने मोजावे. मापकाने १८.४ लिटर दाखविले व प्रत्यक्षात २० लिटर भरावे लागले, तर २० भागिले १८.४ म्हणजे सुमारे १.०८७ हा दुरुस्तीचा गुणक होय. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये. तीन-चार टाक्यांची सरासरी अधिक विश्वसनीय असते.

आकड्यांचा उपयोग

तासाला किती लिटर जातात, या आकड्याचे स्वतंत्रपणे फारसे महत्त्व नाही. त्याला नौकेच्या वेगाने भागले की मैलामागे किती लिटर लागतात हे कळते, आणि तांडेलाला हवा असतो तो हाच आकडा. वेग उपग्रहाधारित दिशादर्शकावरून मिळतो. प्रवाह व वारा यांचा परिणाम वगळण्यासाठी एकच अंतर जाताना व येताना मोजून सरासरी घ्यावी.

पाण्यात चालणाऱ्या नौकेला होणारा विरोध वेगाबरोबर कसा वाढतो, याचा पद्धतशीर अभ्यास एकोणिसाव्या शतकात विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने केला. १८७१ मध्ये त्याने 'ग्रेहाउंड' हे जहाज दुसऱ्या जहाजाने ओढवून दोराला बसणारा ताण प्रत्यक्ष मोजला. पाणी कापीत जाणाऱ्या नौकेसाठी ढोबळ नियम असा सांगता येतो की लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून वेग दहा टक्क्यांनी कमी केला, तर तेच अंतर काटण्यास सुमारे एकोणीस टक्के इंधन कमी लागते. शिवाय प्रत्येक नौकेला तिच्या लांबीने घातलेली एक मर्यादा असते. पाण्याच्या रेषेवरील लांबी मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला २.४३ ने गुणले, की ही मर्यादा सागरी मैलांत मिळते. ७.५ मीटर लांबीच्या नौकेसाठी ती तासाला सुमारे ६.७ सागरी मैल येते. या मर्यादेजवळ नौका स्वतःच उठविलेल्या लाटेवर चढू पाहते आणि इंधनाचा खर्च एकाएकी उसळतो.

उदाहरणादाखल अशा एका नौकेचे आकडे घेऊ. तिच्यावर वीस अश्वशक्तीचे डिझेल इंजिन आहे असे समजू. मापकाने तासाला ५ सागरी मैल वेगावर १.१ लिटर, ६ मैलांवर २ लिटर आणि ७ मैलांवर ३.८ लिटर खर्च दाखविला. वीस सागरी मैलांच्या प्रवासास पहिल्या वेगाने चार तास व ४.४ लिटर लागतील. दुसऱ्याने तीन तास वीस मिनिटे व सुमारे ६.७ लिटर, तिसऱ्याने दोन तास एक्कावन्न मिनिटे व सुमारे १०.९ लिटर. सहावरून सातवर जाताना एकोणतीस मिनिटे वाचली आणि त्यांची किंमत ४.२ लिटर डिझेल पडली.

ही किंमत मोजावी की नाही, हे मापक सांगू शकत नाही. लिलावाची वेळ टळून मासळीचा भाव पडणार असेल, बर्फ संपत आला असेल किंवा वादळाची चिन्हे दिसत असतील, तर ती एकोणतीस मिनिटे डिझेलपेक्षा मोलाची असू शकतात. पण मोकळ्या समुद्रात केवळ शेजारच्या नौकेपुढे जाण्यासाठी थ्रॉटल ओढला जात असेल, तर त्या ईर्ष्येचा भुर्दंड खलाशांच्या वाट्यातून जातो. अनेक ठिकाणी प्रथम इंधनाचा खर्च वजा करून उरलेल्या रकमेची वाटणी होते. अशा वेळी दर्शकावरील आकडा केवळ नौकेच्या मालकाचा राहत नाही. तो नौकेवरील प्रत्येकाच्या मिळकतीचा होतो.

मापकाचा आणखी एक उपयोग रोगनिदानाचा आहे. तेच ओझे, तोच वेग आणि तसाच समुद्र असूनही मैलामागचा खर्च महिन्याभरात वाढत गेला, तर तळाला शेवाळ चढले असावे, पंख्याचे पाते वाकले असावे किंवा इंजेक्टर नीट फवारत नसावा. त्यासाठी पहिल्या दिवसापासून वहीत तारीख, वेग, इंजिनाचे फेरे, ओझे व खर्च यांची नोंद ठेवणे अगत्याचे आहे. ज्याच्याजवळ सुस्थितीतील नौकेचे आकडे नाहीत, त्याला बिघडलेल्या नौकेचे आकडे काहीही सांगत नाहीत.

मापकाच्या मर्यादा

प्रवाहमापक हा टाकीतील साठा पाहत नाही. तो केवळ गेलेले इंधन मोजतो. टाकी भरताना दर्शक शून्यावर आणण्यास विसरल्यास, किंवा टाकी गळत असल्यास, शिल्लक इंधनाचा त्याने दाखविलेला आकडा खोटा ठरतो. म्हणून टाकीत काठी बुडवून पातळी पाहण्याची जुनी सवय सोडू नये. जाण्यासाठी एक तृतीयांश, परतीसाठी एक तृतीयांश आणि संकटासाठी एक तृतीयांश इंधन ठेवावे, हा दर्यावर्दी नियम मापक आल्यामुळे रद्द होत नाही.

मापक स्वतः एक थेंबही वाचवीत नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. बचत होते ती थ्रॉटलवरील हाताने, घासून स्वच्छ केलेल्या तळाने आणि योग्य पंख्याने. पंपाजवळ बसलेल्या शेतकऱ्याला एकदा मोजलेला आकडा हंगामभर पुरतो. समुद्रावरील तांडेलाला तो दररोज नव्याने मोजावा लागतो. म्हणून मापक बसविल्यानंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांत नौकेचे तीन किंवा चार नेहमीचे वेग ठरवून त्या प्रत्येकाचा मैलामागील खर्च काढावा, आणि ते आकडे सुकाणूजवळ, सर्वांना दिसतील असे, रंगाने लिहून ठेवावेत.